पिकअपचा क्लच आणि हिशेबातली एक ओळ
(आश्रयदात्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'डोंगरातील आपले कार्य' असा विषय छापला आहे. त्यावर सिस्टरबाई माझ्यापेक्षा चांगले बोलतील, आणि त्या माझ्यानंतर बोलणारच आहेत. मी आज क्लचवर बोलणार आहे. हसू नका, खरेच क्लचवर. आपल्या जुन्या पिकअपच्या क्लचवर.

कारण असे की मागच्या अंकात वर्षाचा हिशेब छापून आला, तो आपल्यापैकी काहींनी बारकाईने वाचला, आणि त्याबद्दल मी आभारी आहे. त्यात 'वाहन दुरुस्ती' या सदरात एकाच पावसाळ्यात दोनदा क्लचचा खर्च दिसतो. पहिल्यांदा साडेअकरा हजार, दुसऱ्यांदा चार हजारांच्या आत. आणि खाली जमा बाजूला एक विचित्र ओळ आहे, 'वाहन दुरुस्ती, परतफेड'. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला फोन करून विचारले, "अहो, एकच क्लच दोनदा कसा काय बिघडला? आणि परतफेड कोणाची?" मी म्हटले, मेळाव्यात सांगतो. तर आज ते सांगतो.

नाशिक-पुण्याहून आलेल्या मंडळींसाठी थोडे रस्त्याबद्दल. धडगाव, म्हणजे अक्राणी तालुका, सातपुड्याच्या माथ्यावर आहे आणि तळोदा पायथ्याशी. मधे चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात तिथे दरड कोसळते, रस्ता कधी अर्धा असतो, कधी नसतोच. वळणे अशी की दुसऱ्या गिअरमध्ये घेतलेली गाडी वळणाच्या पोटात पहिल्यावर आणावी लागते. म्हणजे डाव्या पायाला विश्रांती नाही. सपाटीवर हायवेने शंभर किलोमीटर जाताना क्लच जितक्या वेळा दाबला जात नाही, तितक्या वेळा या एका घाटात दाबला जातो. आपली पिकअप आठवड्यातून तीन-चारदा तो चढते-उतरते. वर जाताना धान्य, रोपे, औषधांच्या पेट्या. खाली येताना बहुतेक वेळा आजारी माणूस.

गाडी चालवतो तो आपला ड्रायव्हर. तो पावरा समाजातला, तिकडच्याच एका पाड्यावरचा. तो आज इथे आला आहे, मागच्या बाकावर बसला आहे. मी त्याला पुढे बोलावणार नाही, त्याने तशी अटच घातली आहे.

आता त्या रात्रीचे सांगतो.

जुलै महिना. एका पाड्यावरच्या आजोबांचे पाय घसरून मांडीचे हाड मोडले होते. गावकऱ्यांनी त्यांना झोळी करून रस्त्यापर्यंत आणले. आम्ही मागे गादी टाकली, पायाला दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या बांधल्या आणि निघालो नंदुरबारच्या सरकारी दवाखान्याकडे. घाट सुरू व्हायच्या आधीच ड्रायव्हर म्हणाला, "सर, पेडल पोकळ लागतंय." मला वाटले, असेल. त्याआधीही आठवडाभर तो सांगत होता की रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. मी म्हणत होतो, जुनी गाडी आहे.

पहिल्या मोठ्या वळणावर पेडल खाली गेले ते वर आलेच नाही. गिअर पडेना. त्याने गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, बॉनेट उघडले. क्लचची बाटली, म्हणजे तेलाची ती छोटी पांढरट बाटली, रिकामी होती. खाली वाकून बॅटरी मारली तर गिअरबॉक्सजवळच्या छोट्या सिलिंडरची रबरी टोपी ओली, तेलाचा ओघळ खाली आलेला.

ड्रायव्हर म्हणाला, "सर, काळजी नको. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकतो आणि सेल्फ मारतो. हळूहळू उतरू." ही युक्ती बरोबर आहे, क्लचशिवाय गाडी तशी निघते. पण निघते ती हिसका देऊन. पहिला हिसका बसला तेव्हा मागून आजोबा ओरडले. दुसऱ्या वेळी त्यांची म्हातारी ओरडली, आमच्यावर. पुढे किती वळणे आहेत ते मला माहीत होते. समोरून एखादी जीप आली की थांबायचे, पुन्हा हिसका.

सीटखाली इंजिन ऑइलचा अर्धा डबा होता. ब्रेक ऑइल नव्हते. मी म्हटले, तेल ते तेल. झाकण उघडून क्लचच्या बाटलीत ओतले. शेजारीच ब्रेकची बाटली असते, आपल्या गाडीत ती वेगळी आहे. तीही थोडी कमी दिसली म्हणून मी डबा तिकडे नेला, तर या पोराने तिच्या झाकणावर तळहात ठेवला. "सर, हिला नको." एवढेच म्हणाला. मी चिडलो, पण डबा मागे घेतला.

मग त्याने तीस-चाळीस वेळा पेडल मारले. थोडा क्लच आला. आम्ही उतरलो. आजोबांचे पुढे ऑपरेशन झाले, आता ते काठी घेऊन चालतात, सिस्टरबाई त्यांचा फोटो दाखवतील.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती आनंदाने सांगत फिरलो असतो. ती इथे संपत नाही. मधे थोडे थांबून आधी हा क्लच चालतो कसा ते दाखवतो, म्हणजे पुढचे कळेल.

या दोन सिरिंजा सिस्टरबाईंच्या पेटीतल्या आहेत, नव्या कोऱ्या. एक बारीक, एक जाड. मधे सलाईनच्या नळीचा तुकडा. आत रूहअफजा घातलेले पाणी, मागच्यांना दिसावे म्हणून. मी बारीक सिरिंज दाबतो. बघा, जाड सिरिंजचा दट्ट्या सरकला. थोडाच सरकला, पण जोराने सरकला. या मुलीने तो अंगठ्याने अडवायचा प्रयत्न केला तरी सरकला. हेच तुमचे मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडर. बारीक सिरिंज पेडलच्या पुढे, बॉनेटच्या आत. जाड सिरिंज खाली गिअरबॉक्सजवळ. तिचा दट्ट्या एका लोखंडी काट्याला ढकलतो, काटा बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला, आणि मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे चिकटून फिरणारी क्लच प्लेट सुटी होते. पाय काढला की स्प्रिंग सगळे उलट ढकलते. जुन्या गाड्यांत हे काम तारेने व्हायचे, आपल्या गाडीत तेल करते. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हे ज्याने मांडले तो पास्कल, फ्रान्सचा, १६२३ ते १६६२. आम्ही थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना त्याचे नाव श्रद्धेवर लिहिणारा म्हणून ऐकले होते. त्याचे दुसरे काम मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गाडीखाली आडवे पडून कळले.

आता मुद्दाम नळीत हवेचा बुडबुडा घेतो. दाबतो. दट्ट्या हलला का? नाही. बुडबुडा मात्र लहान झाला. हवा दबते, पाणी दबत नाही. म्हणून पेडल पोकळ लागते, आणि दोन-तीनदा भराभर मारले की थोडे वर येते. असे झाले की समजावे, लाइनमध्ये हवा आहे. आणि हवा आत गेली म्हणजे तेल कुठूनतरी बाहेर गेले आहे. नुसती हवा काढून भागत नाही, वाट शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट, हिच्यावरच पुढची सगळी कहाणी आहे. पेडल पूर्ण वर असते तेव्हा मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक उघडे राहते, बाटलीकडे जाणारे. सुईच्या टोकाएवढे. इंजिनाच्या उष्णतेने तेल फुगले तर ते त्या भोकातून बाटलीत परत जाते. पेडल दाबले की रबराची वाटी, मेकॅनिक लोक तिला बकेट म्हणतात, त्या भोकाच्या पुढे सरकते आणि दाब तयार होतो. पाय काढला की मागे येऊन भोक मोकळे करते. ते भोक मोकळे झाले नाही तर तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो.

आता पुन्हा आपल्या गाडीकडे.

दुसऱ्या दिवशी मी ब्रेक ऑइल आणून बाटली भरली आणि झाले म्हटले. आणि चमत्कार बघा, गळती बंद झाली! सिलिंडरची टोपी कोरडी. मी ड्रायव्हरला म्हटलेसुद्धा, "बघ, उगाच घाबरत होतास." गळती का थांबली ते आता मला ठाऊक आहे. ही रबरे ब्रेक ऑइलसाठी केलेली असतात. इंजिन ऑइल लागले की ती फुगतात. फुगलेल्या रबराने गळती बुजवली. रोग्याला सूज आली आणि मी म्हटले, तब्येत सुधारली.

दोन-तीन आठवड्यांनी पेडल हळू वर यायला लागले, मग घट्ट झाले. वरचा जो थोडा ढिलेपणा असतो, दाबायला सुरुवात केली की बोटभर मोकळे जाते तो, नाहीसा झाला. आणि एक दिवस चढावर इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढेना. जळका वास आला. घाट चढून गेलो तेव्हा गाडीतून धूर येत होता.

तालुक्याच्या गावात एका गॅरेजवर नेली. त्यांनी वास घेतला, म्हणाले, क्लच प्लेट गेली. ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवत असणार. मी मान डोलावली. त्यांना दोष देत नाही. क्लच घसरतो म्हटल्यावर कोणीही आधी प्लेटच म्हणेल, आणि तेलाची गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती. माझ्या डोक्यातूनच ती गेली होती. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळे नवे. साडेअकरा हजार. ज्यात आपल्या महिला मंडळाने लोणची-पापड विकून पाठवलेले पैसेही होते.

आणि त्या संध्याकाळी केंद्रावर, सगळ्या कार्यकर्त्यांसमोर, प्रार्थनेच्या आधी, मी त्याला बोललो. "तुझ्या डाव्या पायाची किंमत साडेअकरा हजार रुपये आहे. लोक पोटाला चिमटा काढून देतात." असे शब्द वापरले. तो काही बोलला नाही. पुढच्या मासिक बैठकीत मी लिहून घेतले की ड्रायव्हरला समज देण्यात आली आहे.

आठवड्याच्या आत पुन्हा वास.

त्यावेळी गाडी मी स्वतः चालवत होतो. त्याला चालवायला दिलीच नव्हती, शेजारी बसवले होते. मी क्लचवर पाय ठेवत नव्हतो, कटाक्षाने नव्हतो, डावा पाय पार दाराकडे नेऊन ठेवला होता. तरी वास. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

आम्ही एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची टपरी आहे. त्यांनी गाडीवर चढायच्या आधी बॉनेट उघडायला लावले. क्लचच्या बाटलीचे झाकण काढले. झाकणाच्या आतले रबर फुगून वाकडेतिकडे झाले होते, पुन्हा बसतच नव्हते. चाचांनी बाटलीत बोट बुडवले, दोन बोटांत चोळले, नाकाला लावले. मग सिरिंजने थोडे तेल ओढून काचेच्या बाटलीत सोडले आणि टपरीच्या फळीवर ठेवून दिले. चहा मागवला. चहा संपेपर्यंत बाटलीत दोन थर दिसायला लागले, वर काळपट, खाली पिवळसर. इंजिन ऑइल हलके, ते वर तरंगते.

"बेटा, इस में किसने क्या डाला?" चाचांनी विचारले. विचारले ड्रायव्हरला, कारण असे काम ड्रायव्हरच करतो असे सगळ्यांनाच वाटते. तो जमिनीकडे बघत राहिला.

बंधुभगिनींनो, त्या शांततेत मी किती वेळ काढला ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण काढला. मग म्हटले, "मी टाकलं."

चाचा काही बोलले नाहीत. ते पाना घेऊन गाडीखाली गेले आणि मला म्हणाले, "आता बघा." त्यांनी स्लेव्ह सिलिंडरचे छोटे निपल थोडे ढिले केले. पेडलवर कोणाचाही पाय नव्हता. तरी आतून तेलाची चिळकांडी उडाली. म्हणजे दाब अडकून होता. निपल बंद करून त्यांनी मला गाडी चढावर न्यायला सांगितले. शंभर-दीडशे मीटर गाडी अशी ओढली की काय सांगू. मग पाच-सहा वेळा क्लच दाबल्यावर पुन्हा दाब अडकला आणि पुन्हा घसरायला लागली.

प्लेटचा दोष असता तर निपल ढिले करून काही फरक पडला नसता. ही साधी तपासणी, दोन मिनिटांची, एका पान्याची. ती आधी झाली असती तर गिअरबॉक्स उतरवावा लागला नसता. गॅरेजने परत दिलेली जुनी प्लेट गोणपाटात गाडीतच होती. चाचांनी ती उलटीपालटी करून पाहिली. वरून भाजलेली, पण रिबिटांची डोकी अजून चांगली खोल होती. "आधी हिचं अर्धं आयुष्य बाकी होतं," म्हणाले.

इथे मला बलामाची गोष्ट आठवली, गणनाच्या बाविसाव्या अध्यायातली. गाढवी म्हणजे आपली पिकअप, ड्रायव्हर नव्हे, गैरसमज नको. ती तीनदा अडली आणि तिन्ही वेळा मी काठी दुसऱ्यालाच मारली.

दुरुस्तीचे सांगतो, कारण इथे बसलेल्यांपैकी निदान दहा-बारा जणांकडे जुनी जीप किंवा टेंपो आहे. एकदा चुकीचे तेल गेले की नुसते काढून नवे भरून चालत नाही. त्या तेलाचा स्पर्श झालेले प्रत्येक रबर बदलावे लागते. मास्टर सिलिंडर पूर्ण नवे, स्लेव्हला नवे किट, मधला रबरी पाइप नवा, बाटलीचे झाकण नवे. लोखंडी नळी स्पिरिटने धुऊन हवेने कोरडी केली. मग बंद डब्यातले नवे ब्रेक ऑइल. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते, बाटलीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घ्यावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे, ते यात मिसळायचे नाही. उघडा राहिलेला डबा वापरू नये, हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. सातपुड्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणूनच दोन वर्षांनी ते बदलायचे असते. आणि रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, रंग उकलतो.

मग हवा काढणे. हे दोघांचे काम आहे. ड्रायव्हर सीटवर, मी खाली चिखलात आडवा. निपलला पारदर्शक नळी, नळीचे दुसरे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवलेले. मी म्हणायचे, "दाब." तो पेडल दाबून धरायचा आणि म्हणायचा, "धरलं." मी निपल उघडायचे, बुडबुडे येताना दिसायचे, निपल बंद करायचे आणि मग म्हणायचे, "सोड." क्रम चुकला, निपल उघडे असताना त्याने पाय काढला, तर हवा पुन्हा आत. म्हणजे खालच्याने वरच्याचे ऐकायचे आणि वरच्याने खालच्याचे. चाचा वरच्या बाटलीत तेल भरत उभे होते, ती रिकामी होऊ द्यायची नाही. पंचवीस-तीस वेळा झाले असेल. त्या अर्ध्या तासात आमच्यात दाब, धरलं, सोड एवढेच बोलणे झाले. शेवटचा बुडबुडा गेला तेव्हा तो वरून म्हणाला, "सर, आता कडक लागतंय."

बाकीच्या तपासण्या मी पटपट सांगतो, ज्यांना हव्यात त्यांनी लिहून घ्या. आधी ठरवा, क्लच घसरतो आहे की सुटत नाही. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, म्हणजे घसरतो. इंजिन बंद असताना गिअर अलगद पडतात, चालू केले की पडत नाहीत, रिव्हर्सला दात वाजतात, म्हणजे सुटत नाही. दोन अगदी उलट रोग आहेत. सुटत नसेल तर बाटली बघा. तेल कमी असेल तर दोन जागा चाचपा: पेडलच्या वर, जिथून दांडी आत जाते तिथे, आणि मॅट उचलून तिच्याखाली, आणि खाली स्लेव्हची रबरी टोपी मागे सारून. कुठेच ओले नाही, पण पेडल दाबून धरले की हळूहळू बुडते? मग मास्टरची बकेट आतल्या आत तेल सोडते आहे. जुना रबरी पाइप असेल तर एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने पाइप मुठीत धरावा. फुगताना लागला तर तुमचा दाब तिथेच खर्च होतो. हे सगळे ठीक असेल, स्लेव्हची दांडी दाबल्याबरोबर नीट सरकत असेल, आणि तरी क्लच सुटत नसेल, तेव्हाच काटा, बेअरिंग, प्लेट यांच्याकडे जायचे आणि गिअरबॉक्स उतरवायची भाषा काढायची. पावसाळाभर उभी राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून चिकटते, तो प्रकार वेगळा.

आणि तपासणीच्याही आधी, मेकॅनिकला सगळे सांगायचे. आपण काय ओतले तेसुद्धा.

परत येताना मी त्याला विचारले, "तू बोलला का नाहीस? तुला तर माहीत होतं." गाडी तो चालवत होता. एक वळण गेले, दुसरे गेले. मग म्हणाला, "सर, त्या रात्री तुम्ही आजोबांसाठी टाकलं. मला वाटलं, तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक असेल, नंतर काढून घ्याल. मग तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. त्यानंतर मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरगा आपली चूक सरांवर ढकलतो." मी विचारले, "आणि ब्रेकच्या बाटलीवर हात का ठेवलास?" तो म्हणाला, "क्लच गेला तर गाडी उभी राहते, सर."

त्या वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. कारण हीच रबरे ब्रेकमध्येही असतात, आणि काही गाड्यांत तर क्लच आणि ब्रेक दोघांना मिळून एकच बाटली असते. तीन आठवड्यांनी, चांदसैलीच्या उतारावर, मागे माणसे बसलेली असताना काय झाले असते, ते तुम्ही समजून घ्या.

पुढच्या रविवारी, त्याच कार्यकर्त्यांसमोर, त्याच जागी उभा राहून मी त्याची माफी मागितली. सोपे गेले नाही. मी आधी असे वाक्य तयार केले होते की "गैरसमजातून काही बोलले गेले." सिस्टरबाईंनी ते कागदावर वाचले आणि म्हणाल्या, "भाऊ, कोण बोललं ते लिहा." मग लिहिले. बैठकीच्या वहीतली समज देण्याची नोंद रद्द केली आणि का रद्द केली तेही लिहिले. साडेअकरा हजार मी भरतो असे कमिटीला कळवले. कमिटीने अर्धी रक्कम घेतली, दरमहा हप्त्याने, कारण नवी प्लेट गाडीत चालते आहे आणि पुढची काही वर्षे चालेल असे खजिनदारसाहेबांचे म्हणणे पडले. ती जमा बाजूची ओळ म्हणजे हे हप्ते. फेब्रुवारीत संपतील.

आता गाडीत एक वही असते. तेल किती भरले, कोणी भरले, पेडल कसे लागते, ड्रायव्हर लिहितो, अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. गाडीबद्दलचा शब्द त्याचा शेवटचा. मागच्या महिन्यात त्याने गाडी दोन दिवस खाली नेली नाही, पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक पाइप ओला लागला म्हणून. मला धान्य पोचवायचे होते, मी थोडी कुरकुर केली, पण गाडी थांबली.

क्लचच्या बाटलीवर त्याने आधी पांढऱ्या रंगाने लिहिले होते, 'फक्त ब्रेक ऑइल'. तेलाचा हात लागून तो रंग आठवडाभरात गेला. मग पत्र्याची पट्टी कापून, त्यावर खिळ्याने ठोकून अक्षरे केली आणि तारेने बांधली. त्यात आता एक ओळ वाढली आहे. 'फक्त ब्रेक ऑइल. सरांनी पण.'

माझी वेळ संपली असे पाळकसाहेब खुणावत आहेत. सुरुवातीला मी औषधाच्या डबीत दोन रबराच्या बकेटी फिरवायला दिल्या होत्या, एक नवी आणि एक फुगलेली. डबी कोणाकडे पोचली? तिकडे खिडकीजवळ? वास येतो ना फुगलेलीला? त्या दोन्ही मला परत हव्या आहेत, गुरुवारी धडगावला जीपवाल्या पोरांना दाखवायच्या आहेत. सिस्टरबाई, या, आता तुमचे फोटो दाखवा.